मुलांचा पोहण्याचा पोशाख: उन्हाच्या हिशेबाने निवडा

मे महिन्यात मुलं तलावावर किंवा समुद्रावर तासन्‌तास खेळतात. पाणी गार लागतं, त्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही.

सुती टी-शर्ट घालून पाण्यात सोडू नका. पांढरं सुती कापड भिजलं की त्यातून उन्हातली कातडी भाजणारी अतिनील किरणं जास्त आत शिरतात. लांब बाह्यांचा, गळाबंद, गुडघ्यापर्यंतचा नायलॉन किंवा पॉलिएस्टर-लायक्राचा (लायक्रा म्हणजे ताणला जाणारा धागा) पोशाख घ्या. लेबलवर ‘यूपीएफ ५०+’ हवं. यूपीएफ हा कापड उन्हापासून किती वाचवतं याचा आकडा; ५०+ म्हणजे जास्तीत जास्त २ टक्के किरणं आत येतात. कापड उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसलं तर नको. रंग गडद घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून ढगळ घेतलं तर पाणी भरून मूल जड होतं. फार घट्ट घेतलं तर वीण ताणून संरक्षण घटतं.

चेहरा, कान, मान, गुडघ्याखालचे पाय, पावलांची वरची बाजू उघडीच राहते. तिथे एसपीएफ (सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं याचा आकडा) ३० किंवा जास्तचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन २० मिनिटं आधी लावा. दर दोन तासांनी, आणि अंग पुसल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालचं बाळ मात्र सावलीतच ठेवा. सकाळी दहा ते दुपारी चार पोहणं टाळलेलंच बरं.

घरी आल्यावर पोशाख लगेच साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. क्लोरीनमुळे लायक्रा सैल पडतो, विरतो. असा पोशाख धाकट्याला देऊ नका.