प्राथमिक शाळेला वाद्ये भेट देताना: विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

पुण्यातल्या अनेक घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादी पेटी, तबल्याची जोडी किंवा तारा गंजलेली गिटार पडून असते. मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देतात, मग दहावीचे वर्ष येते, क्लास सुटतो आणि वाद्यावर चढलेली गवसणी पुन्हा उतरत नाही. दुसरीकडे महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या काही प्राथमिक शाळांत रोजच्या परिपाठातली प्रार्थना आणि समूहगीते नुसत्या टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटली जातात. ही दोन टोके जुळवण्याचे काम महाविद्यालयातील किंवा माध्यमिक शाळेतील पाच-सहा विद्यार्थी सहज करू शकतात. मात्र त्याचा क्रम चुकला, तर वाद्य एका माळ्यावरून उतरून दुसऱ्या कपाटावर जाते, एवढेच घडते.

म्हणून वाद्ये गोळा करण्याआधी शाळेत जावे, आणि पहिल्या भेटीत रिकाम्या हातांनी जावे. मुख्याध्यापकांना वेळ मागून भेटावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: शाळेत किंवा गावात कोणाला काय वाजवता येते, वाद्य ठेवायला कुलूपबंद व कोरडी जागा आहे का, आणि परिपाठात कोणती गाणी म्हटली जातात. ‘तुम्हाला कोणते वाद्य हवे’ हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण तो आधी विचारला तर ‘काहीही द्या, चालेल’ असेच संकोचाचे उत्तर मिळते. आमच्या गटाने पहिल्या वर्षी ही चूक केली होती. दिलेली पेटी ज्या गुरुजींना वाजवता येत होती त्यांची पुढच्याच वर्षी बदली झाली आणि पेटी बंद पडली. तेव्हापासून आम्ही शिक्षकांबरोबरच गावातल्या भजनी मंडळाचीही चौकशी करतो. शिक्षकांची बदली होते. मंडळातले पेटीवाले काका मात्र गावातच राहतात, आणि आठवड्यातून एक तास शाळेत यायला बहुधा आनंदाने तयार होतात.

वाजवणारे कोणीच नसेल तर पेटी किंवा तबला देऊ नये. अशा शाळेला टाळ, झांजा, खंजिरी आणि एखादी ढोलकी जास्त उपयोगी पडते, कारण दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायच्या शाळेतही मुले त्यांवर ठेका धरू शकतात. बासरी अनेकांच्या ओठांना लागते, त्यामुळे सामायिक वापरासाठी ती टाळावी. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड देताना वीज नियमित असल्याची खात्री करावी आणि अडॅप्टर सोबत द्यावा. पुण्यात अनेकांना ढोल द्यावासा वाटतो, पण पथकातला ढोल सात वर्षांच्या मुलाच्या कमरेला पेलत नाही.

यानंतर संकलन करावे. घरातली पेटी पुष्कळदा आजोबांची किंवा आत्याची असते. नातवंडाने परस्पर ‘हो’ म्हटले तरी घरातल्या मोठ्यांशी बोलल्याशिवाय ती उचलू नये. प्रत्येक वाद्याचे छायाचित्र काढावे, देणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि वाद्य दुरुस्त होण्याजोगे नसल्यास ते परत केले जाईल, हे आधीच सांगावे.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. पेटी तपासताना भाता भरून एकही पट्टी न दाबता थांबावे. हवा फुसफुसत निघून गेली, तर भात्याला किंवा आतल्या कातड्याला गळती आहे. मग एकेक पट्टी दाबून पाहावी. एखादा सूर मुका असेल तर अनेकदा पितळी सुरात, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्यात, धूळ अडकलेली असते, आणि पट्टी सोडल्यावरही सूर चालूच राहिला तर ती वर येत नाही किंवा तिची स्प्रिंग सैल झाली आहे. सूर घासण्याचा प्रयोग घरी करू नये, कारण पाते किंचित जरी खरवडले गेले तरी सूर बदलतो. हे काम कारागिराकडेच द्यावे. तबल्याची शाई (मधला काळा गोल) तडकलेली किंवा पुडी (वरचे कातडे) फाटलेली असल्यास नवी पुडी बसवावी, आणि वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) व गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) तपासून घ्यावेत. कारागिरांकडे गणपतीच्या आधी गर्दी असते, म्हणून ही कामे उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावीत.

तबल्याचा सूरही पाहावा लागतो. लहान मुले साधारणपणे काळी चार किंवा पाचच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, तर घरोघरी असलेला तबला बहुतेकदा मोठ्या माणसाच्या सुराला घेतलेला असतो. तो ठोकून ठोकून चढवला तर पुडी फाटते. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलांसाठी काळी दोनचा तबला पंचम म्हणून, म्हणजे त्यांच्या ‘प’ या सुराला जुळणारा म्हणून, चालतो. पेटीवर हवी ती पट्टी धरता येते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

वाद्यासोबत त्याचा संसारही द्यावा: तबल्याबरोबर चुंबळी, हातोडी व पावडर, आणि पेटीबरोबर पेटारा किंवा जाड गवसणी. भोर, वेल्हे, मुळशीकडच्या शाळांना चामड्याची वाद्ये दसऱ्यानंतर पोहोचवावीत, कारण तिथल्या पावसात चामडे सैल पडते आणि पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. टेम्पोत पेटी आडवी ठेवून भाता पट्ट्याने बांधावा.

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती टाळू नयेत. वाद्यांची यादी, त्यांची स्थिती आणि ‘विनामूल्य भेट’ असा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्यावे. शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत विषय मांडला गेला, तर वाद्ये पालकांनाही आपली वाटतात. शाळेच्या साठा नोंदवहीत नोंद झाल्याची खात्री करून पोच घ्यावी. महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाची संमती लागते का, हे मुख्याध्यापकांकडूनच विचारून घ्यावे.

वाद्ये सुपूर्द करताना हारतुरे आणि भाषणे कमी ठेवून तो वेळ मुलांना द्यावा. प्रत्येक मुलाचा हात एकदा तरी पट्टीवर किंवा पुडीवर पडू द्यावा. गटातील ज्याला वाजवता येते त्याने शिक्षकांना आणि दोन मोठ्या मुलांना भाता कसा बंद करावा, तबला कसा झाकावा हे करून दाखवावे. त्यानंतर निदान तीन महिने महिन्यातून एका शनिवारी जाऊन परिपाठातले एक गाणे साथीसह बसवावे. राज्यगीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’ मुलांना आधीच येत असल्याने सुरुवात त्यानेच केलेली सोयीची पडते. वर्गणीतले थोडे पैसे पुढच्या वर्षीच्या पुडीसाठी बाजूला ठेवावेत, आणि कारागिराचा दूरध्वनी क्रमांक पेटाऱ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा.