स्कागेफ्लो: बोटीने जा, पायी या
नॉर्वेतल्या गायरांगर गावात बोटीचं तिकीट काढतानाच 'स्कागेफ्लोला उतरायचंय' असं सांगून ठेवा. उतरल्या उतरल्या छातीवरचा चढ, साधारण २५० मीटर. दगड ओले असले तर कड्यातली साखळी धरूनच पाय टाका. छत्री नको, रेनकोट घ्या. वर १९१६ साली ओस पडलेलं शेतघर आहे. करवसुलीवाला आला की इथली माणसं म्हणे शिडीच वर ओढून घ्यायची! (बिचारा.) समोर 'सात बहिणी' धबधबा, जूनमध्ये बर्फ वितळताना बघावा, उन्हाळा सरता सरता एकेक बहीण आटत जाते. परतीला होमलोंगमार्गे चालतच या. डबा मात्र वरच्या गवतावरच उघडा. नॉर्वेचे राजे हाराल्ड आणि राणी सोनिया यांनी १९९३ साली लग्नाचा रौप्यमहोत्सव इथेच साजरा केला होता.