कुपोषणातून उठलेलं लेकरू घरी आणल्यावर काय काय करायचं

तीव्र कुपोषणासाठी अ‍ॅडमिट केलेलं लेकरू घरी आलं की सगळ्यांना वाटतं चला, सुटलो एकदाचे. पण खरं सांगू का, जीवावरचं टळलेलं असतं, अंगात ताकद यायची अजून बाकीच असते, आणि पुढचे सहा महिने दुर्लक्ष झालं की वजन परत घसरतं.

डिस्चार्ज घेतानाच वजन किती, दंडाचा घेर किती आणि पुढची तारीख कधीची हे लिहून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा घेर ११.५ सेंमीच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण, आणि तो १२.५ च्या वर गेला आणि दोन आठवडे अंगावर सूज नसली की बरं झालं असं धरतात. बऱ्याच मुलांना त्याच्या आधीच घरी सोडतात, राहिलेले उपचार घरी तयार पौष्टिक खाण्याच्या (RUTF) पाकिटांवर चालतात.

ते पाकीट म्हणजे औषधच समजा. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात साधारण ५०० कॅलरी असतात, त्यात पाणी मिसळायचं नाही, तसंच चाटवायचं आणि सोबत स्वच्छ पाणी प्यायला द्यायचं. अंगावर पीत असेल तर आधी दूध, मग पाकीट. आणि भावंडांत वाटायचं नाही हो, मन कितीही तुटलं तरी.

घरचं खाणं दिवसातून निदान पाच वेळा, थोडं थोडं. पातळ पाण्यासारखं दिलं तर एवढंसं पोट लगेच भरतं पण अंगाला काही लागत नाही, त्यामुळे चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट, वरून थोडं तेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेकराचं ताट वेगळं ठेवा, कारण एका ताटात मोठी भावंडं भराभर खाऊन मोकळी होतात आणि ह्याने नक्की किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही. समोर बसा, बोलत बोलत भरवा. तोंड फिरवलं तर नाक दाबून कोंबू नका, दोन मिनिटं थांबा, स्वतः एक घास खाऊन दाखवा, मग परत विचारा.

खेळणंही उपचारातच येतं, हे कुणी सांगतच नाही. आजारात मुलं गप्प गप्प होतात, हसत नाहीत, म्हणून रोज १५ ते ३० मिनिटं मांडीवर घेऊन बोला, डबा-झाकण वाजवायला द्या.

दर दोन-तीन दिवसांनी लेकराच्या पायाच्या पंजावर वरून आपल्या हाताचा अंगठा तीन सेकंद दाबून बघा, दोन्ही पायांवर खड्डा तसाच राहिला तर सूज आलीय, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप, धाप, अंग गार पडणं, सुस्ती, खाणंच सोडणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच. जुलाब लागले तर दूध-खाणं बंद करू नका, लगेच दाखवा आणि ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, कारण अशा लेकरांना जास्त मीठ-पाणी झेपत नाही.

फॉलोअपला मूल ठणठणीत दिसत असलं तरी जायचंच, राहिलेल्या लसी तिथेच विचारून घ्यायच्या, आणि लागोपाठ दोन वेळा वजन तेवढंच भरलं तर "बघू पुढच्या वेळी" म्हणून परत यायचं नाही, का वाढलं नाही ते विचारूनच उठायचं.