राग ओळखायची घाई नको, आधी सम सापडू दे

शास्त्रीय गाण्यातला ख्याल ऐकायला लागलो तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मी राग ओळखण्यातच घालवली. दोन सूर कानावर पडले की नाव सांगून मोकळा. एकदा चारचौघांत ठणकावून 'भूप' म्हणालो आणि निघाला देशकार. सूर दोन्हींचे तेच, सा रे ग प ध. मग चुकलं कुठे? ते शोधता शोधता हाती आलेली रीत सांगतो.

मध्यलय तीनतालातली, म्हणजे मध्यम गतीच्या सोळा मात्रांच्या तालातली, आठ-दहा मिनिटांची एक बंदिश निवडा आणि आठवडाभर तीच ऐका. विलंबिताला, म्हणजे संथ लयीला, इतक्यात हात घालू नका. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभरही चालतं, नवख्याचा हिशेब अर्ध्या वाटेतच हरवतो.

पहिल्या खेपेला गाणाऱ्याकडे साफ दुर्लक्ष करा, फक्त तबल्याचा ठेका ऐका. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. 'तिं तिं ता ता' आलं की डग्ग्याचा घुमारा गायब होतो आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'वर परततो. तो परतला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली. बोटांवर सोळा मोजण्यापेक्षा ही खूण पक्की. नंतर मुखड्याचा, म्हणजे बंदिशीच्या फिरून फिरून येणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याचा, कोणता शब्द समेवर पडतो ते पाहा. तो सापडला की ठेका ऐकू येत नसला तरी तुम्ही तालात असता.

दुसऱ्या खेपेला तानपुरा. त्यातला सा गुणगुणून धरा आणि बंदिश संपेपर्यंत सोडू नका. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलंत तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता वही काढा. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवतो. एका आवर्तनाला एक चौकोन, आणि त्या आवर्तनात गाणारा ज्या सुरावर सर्वांत जास्त रेंगाळला, तेवढंच अक्षर त्यात. बाकी हरकती, मुरक्या सोडून द्या. वरच्या सप्तकातला सूर असेल तर भातखंडे पद्धतीप्रमाणे डोक्यावर टिंब, खालच्यातला असेल तर पायाशी. भूपाचं माझं पान असं दिसतं: ग, ग, रे, ग, प, ग. देशकाराचं: ध, प, ध, वरचा सा, ध. सूर तेच, पण एकाची बैठक सप्तकाच्या खालच्या अंगात, दुसऱ्याची वरच्या. देशकारात रे तर ओझरता लागतो, त्यावर कोणी मुक्काम करत नाही. त्या दिवशी मी कोणते सूर लागतात एवढंच ऐकलं होतं, ते थांबतात कुठे हे ऐकलंच नव्हतं.

पान भरलं की थोडं लांब धरून बघा. बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं होणारा विस्तार, नजरेनंच कळते. माझ्या एका पानावर गायक सहा आवर्तनं वरच्या सा च्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलाय आणि सातव्यात आत शिरलाय. नुसतं ऐकताना मला तिथे 'वा' म्हणावंसं वाटलं होतं, पण का, ते पान पाहिल्यावर कळलं.

ताना, म्हणजे सुरांच्या वेगवान लडी, शेवटी. तोवर त्यांच्यामागे धावू नका. कान दिपतात आणि हाती काही लागत नाही. तान कोणत्या मात्रेला सुटली आणि मुखडा कुठे पकडला, एवढं टिपलं तरी पुष्कळ.

एक सवय मात्र लावून घ्या. मुखडा न घेता गाणारा सरळ समेवर आला, की त्या चौकोनात लाल ठिपका द्या. माझ्या त्या पानावर असे तीन ठिपके आहेत, आणि तिन्ही अंतऱ्यानंतरचे, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागानंतरचे. तोवर मुखडा आपल्या कानात इतका बसलेला असतो, की त्यानं तो गाळला तरी आपण मनात म्हणून टाकतो.