ग्रिलमधल्या कुंड्या का दगावतात? या चुका टाळा

मुंबईतल्या घरची बाग म्हणजे बहुधा खिडकीबाहेर काढलेले ग्रिल, त्यात दाटीने मांडलेल्या दहा-बारा कुंड्या आणि त्यांच्यावर दोरीला वाळत घातलेले पंचे. एवढ्याशा जागेतले एखादे रोप मलूल झाले की आपण आधी त्याला काहीतरी देऊ लागतो. कधी तो आणखी एक तांब्या पाणी असतो, कधी मूठभर खत, कधी कोणीतरी सुचवलेले आंबट ताक. आमच्या खिडकीत आजवर जी रोपे गेली, त्यांतली बरीचशी या देण्यामुळेच गेली. दुखणे पानावर दिसत असले तरी त्याचे कारण अनेकदा कुंडीच्या तळाशी नाहीतर खिडकीच्या दिशेत असते, आणि तिथे न पाहता केलेला उपाय रोपाला बाधतो.

सर्वांत जास्त रोपे अतिपाण्याने जातात. फसगत अशी होते की तहानलेले रोप आणि मुळे कुजलेले रोप ही दोन्ही सारखीच माना टाकतात, कारण कुजलेली मुळे भोवती पाणी असूनही ते वर पोहोचवू शकत नाहीत. म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे आणि आत ओल लागली तर त्या दिवशी तांब्या खाली ठेवावा. कुंडी लहान असेल तर ती उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावून घ्यावी; आठ-दहा दिवसांत हाताला ते कळू लागते. माती ओली असूनही पाने पिवळी पडून गळत असतील, तर रोप सरळ बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते, कुजलेले मूळ तपकिरी, लिबलिबीत असते आणि त्याला वास येतो. कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापावा, वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात कमी कराव्यात, रोप भुसभुशीत कोरड्या मिश्रणात लावावे आणि एकदाच पाणी घालून आठवडाभर सावलीत ठेवावे.

आमचा कढीपत्ता एका जुलैत असाच पानगळीला लागला होता. पोषण कमी पडत असेल असे समजून मी त्याला दोनदा ताक घातले आणि पानगळ वाढली. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा तळाचा तिसरा हिस्सा काळ्या चिखलाने भरलेला निघाला, कारण छिद्रावर मीच फरशीचा एक सपाट तुकडा ठेवला होता. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा चांगला होतो, ही समजूतही खरी नाही. बारीक मातीतले पाणी जाड थरात सहज उतरत नाही, ते त्या थराच्या वरच अडून राहते, आणि मुळांच्या वाट्याची कोरडी जागा उलट कमी होते. छिद्रावर खापराचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवला तरी पुरते. बाकीचा निचरा मिश्रणातूनच व्हायला हवा. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण मला मुंबईच्या हवेत सर्वांत भरवशाचे वाटते.

मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या ग्रिलमधल्या कुंडीला त्या दिवसांत वेगळे पाणी लागत नाही. तिला लागते ती तळाखाली दोन विटांची उंची, म्हणजे छिद्र मोकळे राहते. तुळशीला रोज पाणी घालण्याचा नेम अनेक घरांत असतो आणि तो मोडायचे कारण नाही. पावसाळ्यात तांब्याऐवजी पळीभर पाणी घातले तरी नेम पाळला जातो आणि तुळसही टिकते. तिच्या मंजिऱ्या मात्र वेळोवेळी खुडाव्यात, कारण बी धरू लागलेली तुळस नवी पालवी कमी देते.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची आणखी एक गंमत असते. काळ्या पिशवीत ते चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेले असते. तो गोळा तसाच उचलून हलक्या मिश्रणात बसवला, तर वरून घातलेले पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जाते, मधला भाग कोरडाच राहतो, आणि रोज पाणी घालूनही रोप का सुकते हे कोणाला समजत नाही. पिशवी आधी बादलीत भिजवावी आणि गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हळूच सैल करून मगच लावणी करावी.

खिडकीची दिशा न पाहता रोपे विकत घेणे ही चूक महागात पडते. मोगरा, गुलाब, जास्वंद, टोमॅटो आणि मिरची यांना दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागते. मुंबईत साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उरलेले वर्षभर दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात मोगऱ्याला ऊन लागलेले पाहून आपण खूश होतो, पण पुढे ढग येतात आणि थंडीत तर त्या खिडकीत उन्हाची तिरीपही येत नाही. अशा खिडकीत खताची मात्रा वाढवून कळ्या येणार नाहीत. तिथे मनीप्लांट, नेचे, पुदिना किंवा विड्याच्या पानांचा वेल लावावा आणि मोगऱ्याचा हट्ट सोडावा. समोर टॉवर उभा राहिला असेल तर दक्षिणेची खिडकीही उत्तरेसारखीच समजावी.

कुंडीखालच्या बशीबद्दल दोन बाजूंनी तक्रार येते. बशी ठेवली नाही तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखलाचे थेंब पडतात, मग सोसायटीच्या फलकावर सूचना लागते. बशी ठेवली तर तिच्यातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि मुंबईच्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. बशी आठवड्यातून एकदा रिकामी करावीच, शिवाय ती घासावीही, कारण ही अंडी कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. मनीप्लांटच्या बाटल्यांनाही हाच नियम लागू आहे.

मिरचीची पाने आकसून वळली की बोकड्या आला म्हणतात आणि लगेच फवारणी सुरू होते. आधी पान उलटे करून पाहावे. फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी दिसली तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण नीट घुसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. सगळा शेंडाच वेडावाकडा होऊन वाढ थांबली असेल तर तो बहुधा विषाणू असतो. त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकणेच शहाणपणाचे. जास्वंदीवरच्या कापसासारख्या पिठ्या ढेकणाला पाण्याचा जोरदार फवारा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पुरतो, पण खोडावरून मुंग्या चढत असतील तर आधी त्यांची वाट बंद करावी. त्याने सोडलेल्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

टोमॅटोचा तळ काळा पडला की अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. फळाला कॅल्शियम कमी पडते हे खरे, पण कुंडीत त्याचे कारण बहुतेक वेळा एक दिवस कोरडे आणि एक दिवस चिंब असे पाणी हेच असते, आणि टरफले कुजायला कित्येक महिने घेतात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातल्याने बुरशी आणि मुंग्या येतात. भाज्यांची साले कच्चीच टाकल्याने चिलटे येतात. दोन्ही आधी वेगळ्या डब्यात वाळक्या पानांसोबत कुजवावीत. उसाच्या रसवाल्याकडचे चिपाड बारीक करून त्यात मिसळले तर वासही कमी येतो. छाटणीबाबत एवढेच की गुलाब पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटावा आणि मोगरा थंडीत, भर बहरात नाही.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना कुंड्या तुडुंब भरून निघणे ही शेवटची चूक. त्याऐवजी कुंड्या ग्रिलमधून काढून उजेडाच्या खोलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, मातीवर नारळाची सोडणे पसरावीत आणि झाकण लावलेल्या बादलीतून जाड सुती वाती प्रत्येक कुंडीत सोडाव्यात. किल्ली खालच्या काकूंकडे ठेवणार असाल तर त्यांना रोज पाणी घालायला सांगू नये; बोट मातीत कसे खुपसायचे ते एकदा करून दाखवावे.