ड्राय गॅस सील: कॉम्प्रेसर फिरवण्याआधीची तयारी

कॉम्प्रेसरच्या शाफ्टभोवतून होणारी वायूची गळती ड्राय गॅस सील रोखतो. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या फिरत्या आणि स्थिर रिंगमध्ये साधारण ३ ते ५ मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस याच्या किमान दहापट जाड भरतो. फिरत्या रिंगवरच्या, जेमतेम काही मायक्रॉन खोल अशा खाचा वायू आत ओढतात आणि त्याच्या दाबावर ही फट टिकते. म्हणून सीलला मिळणारा वायू (सील गॅस) स्वच्छ आणि कोरडा ठेवणे हेच तयारीतले मुख्य काम आहे, आणि त्याची सुरुवात सीलपासून नव्हे, तर पाइपिंगपासून करावी.

फिल्टरच्या पुढची सगळी लाइन स्टेनलेस स्टीलची आहे, मध्ये कार्बन स्टीलचा एखादा तुकडा राहून गेलेला नाही, हे ड्रॉइंगवर विसंबून न राहता लाइनबरोबर चालत जाऊन पाहावे. मग कॉम्प्रेसरकडचा जोड सोडून लाइन कोरड्या नायट्रोजनने फुंकावी आणि उघड्या तोंडासमोर पांढरे कापड, हातात न धरता, चौकटीला बांधून ठेवावे. कापडावर गंजाची तांबूस पूड, वेल्डिंगचा बारीक खडा किंवा तेलाचा पिवळसर डाग आला, तर पुन्हा फुंकावे. कामाची घाई कितीही असली तरी कापड कोरे निघेपर्यंत जोड लावू नये. फिल्टर दुहेरी असावेत, दोन्हींत ३ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणारे नवे एलिमेंट असावे, आणि तळाचा ड्रेन उघडून द्रव साचलेला नाही याची खात्री करावी.

ओलाव्याचा प्रश्न मात्र फिल्टरपाशी संपत नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह, ऑरिफिस (प्रवाह मर्यादित करणारे बारीक छिद्र) आणि खुद्द सील यांतून जाताना वायूचा दाब उतरतो, त्याबरोबर तापमानही पडते, आणि पॅनेलवर (सील गॅसचे फिल्टर, व्हॉल्व्ह आणि मापकांचा संच) कोरडा असलेला वायू सीलच्या तोंडाशी द्रव सोडू शकतो. यासाठी वायूच्या घटकांचे ताजे विश्लेषण घ्यावे (डिझाइनच्या वेळचे आकडे पुरेसे नाहीत) आणि दाबाच्या प्रत्येक टप्प्यावर तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला वायूतून द्रव सुटू लागतो) किमान २० अंश सेल्सिअस वर राहते का, हे मोजून पाहावे. राहत नसेल तर हीटर आणि हीट ट्रेसिंगशिवाय (लाइन बाहेरून गरम ठेवण्याची सोय) पुढे जाऊ नये. सील गॅस कॉम्प्रेसरच्याच डिस्चार्जमधून (दाबलेला वायू बाहेर पडतो ती बाजू) घेतला जात असेल, तर मशीन उभे असताना तो पुढे ढकलायला दाबाचा फरकच नसतो, आणि केसिंगमधला अस्वच्छ वायू सीलकडे सरकतो. त्यासाठी बूस्टर किंवा दुसरा वायुस्रोत आधी चालवून पाहिलेला असावा. या यंत्रणेसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे एपीआय ६९२ हे स्वतंत्र मानक २०१८ मध्ये आले. पॅनेल त्याआधीचे असेल तर ते या मानकाशी ताडून पाहणे मला अत्यावश्यक वाटते.

कार्ट्रिज (सीलचा जोडून आलेला संच) बसवायच्या वेळीच खोक्यातून काढावे. खाचा एकाच दिशेच्या असतील तर ड्राइव्ह एंड (मोटर किंवा टर्बाइनकडचे टोक) आणि नॉन-ड्राइव्ह एंडची कार्ट्रिज अदलाबदल झाल्यास रिंग उचलल्या जात नाहीत आणि एकमेकींवर घासतात. म्हणून कार्ट्रिजवरच्या बाणाची दिशा दोघांनी स्वतंत्रपणे पाहावी. ओ-रिंगला उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस, तेही अगदी पातळ लावावे. कार्ट्रिज बसल्यावर असेंब्ली प्लेट (बसवेपर्यंत भाग जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) काढून त्या मोजाव्यात, आणि शाफ्ट उलटा फिरू नये म्हणून डिस्चार्जचा, वायू मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह नीट बसतो हे तपासावे.

प्रायमरी व्हेंटचे (आतल्या सीलमधून झिरपलेला वायू बाहेर नेणारी लाइन) ट्रान्समीटर आणि मशीन आपोआप थांबवणारे ट्रिप प्रत्यक्ष सिग्नल देऊन तपासावेत, कारण आतला सील बिघडल्याची पहिली खूण तिथेच दिसते. हा व्हेंट ज्या फ्लेअरला (नको असलेला वायू जाळणारी चिमणी) जोडलेला असेल, त्याचा उलट दाब किती वाढू शकतो, तेही विचारून ठेवावे.

शेवटी क्रम लिहून पॅनेलवर लावावा: बेअरिंगचे तेल ड्राय गॅस सीलकडे येऊ न देणाऱ्या, बेअरिंगकडच्या सेपरेशन सीलला नायट्रोजन आधी, त्यानंतरच ल्यूब ऑइल पंप, केसिंगमध्ये दाब भरण्याआधी सील गॅस. थांबवताना केसिंगमध्ये दाब असेपर्यंत सील गॅस तोडू नये, आणि ल्यूब ऑइल बंद होऊन बेअरिंगमधले तेल पूर्ण ओसरल्यावरच नायट्रोजन बंद करावा.