प्राणीसंग्रहालयात कीपर व्हायचंय? आधी झाडू आणि कुलूप

वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजणं हे कीपरचं काम, असं वाटत असेल तर तो दिवस वर्षानुवर्षं उगवत नाही. रोजचं काम म्हणजे शेण उचलणं, मांस तोलणं, कुलपं तपासणं आणि नोंदवहीत लिहिणं. हे आवडणार असेल तरच पुढे वाचा.

राज्यात कीपरची एकच अशी भरती होत नाही, कारण प्रत्येक संग्रहालयाचा मालक वेगळा. भायखळ्याची राणीची बाग मुंबई महापालिकेची, कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय पुणे महापालिकेचं. नागपुरात महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे, तर गोरेवाडा वन विकास महामंडळाकडे. गोव्यातलं बोंडला तिथल्या वन खात्याचं. म्हणून जाहिरात त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच शोधायची. कायम पदं मोजकी असतात आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवात ठेकेदारामार्फत होते. तेव्हा रुजू होण्याआधी पगार कोण देणार, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का आणि जखम झाली तर खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न विचाराच.

शिक्षणाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. कीपरसाठी फार मोठी पदवी लागत नाही, गाईम्हशी किंवा शेळ्या सांभाळल्याचा अनुभव मात्र खरोखर उपयोगी पडतो. पशुसंवर्धनाची पदविका असेल तर पशुधन पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर बारावी विज्ञान, 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी. अभिरक्षक (क्युरेटर) किंवा शिक्षण अधिकाऱ्याच्या पदासाठी प्राणिशास्त्र वा वन्यजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी कामी येते.

साप हातात धरून काढलेले फोटो अर्जाला जोडू नका. ती पात्रता नव्हे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो. (दर वर्षी कोणीतरी जोडतंच.)

रुजू होण्याआधी धनुर्वाताची लस आणि रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. रेबीजचे तीन डोस ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी देतात. क्षयाची तपासणीही करून घ्या. माणसाचा क्षय माकडांना आणि हत्तींना होतो, म्हणून खोकला असताना त्यांच्याजवळ जायचं नाही.

आता रोजच्या कामाचा क्रम. सकाळी पिंजऱ्यात शिरायची घाई नको. बाहेरूनच प्राणी मोजायचे, कोण लंगडतोय, कोण कोपऱ्यात बसून आहे ते पाहायचं. मग कालचं उरलेलं अन्न तोलायचं आणि विष्ठा पाहायची. आधी झाडून टाकलं तर डॉक्टरला दाखवायला काहीच उरत नाही, ही नवख्याची हमखास चूक.

वाघ-बिबट्यांकडे कधीच एकट्याने जायचं नाही. प्राणी रात्रीच्या खोलीत घ्यायचा, सरकता दरवाजा खाली सोडून बंद करायचा, कुलूप लावून ओढून पाहायचं. त्यानंतर खोलीत किती प्राणी आहेत ते एकाने मोठ्याने मोजायचं आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तोच आकडा म्हणायचा. दोन्ही आकडे जुळले तरच मोकळ्या आवाराचा दरवाजा उघडायचा. 'मघाशी लावलं होतं' या आठवणीवर विसंबून आत गेलात तर जीव जातो.

धुलाईतही पद्धत आहे. साधं फिनाईल मांजरकुळाला बाधतं, कारण त्यांचं यकृत त्यातलं फिनॉल नीट निकामी करू शकत नाही. त्याऐवजी ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. पण आधी शेण उचलून फरशी भरपूर पाण्याने धुवायची. घाणीवर ब्लीचचा जोर संपतो, शिवाय मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. द्रावण दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने काढायचं आणि फरशी वाळल्यावरच प्राणी आत सोडायचा.

मोठ्या वाघाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो मांस लागतं आणि बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास असतो. मांस हाडासकट द्यायचं. नुसत्या मऊ मांसावर वाढलेल्या बछड्यांची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात.

चितळ-सांबरांच्या मागे धावून त्यांना कधीही पकडायचं नाही. वरकरणी काही होत नाही, पण अति धावपळीने आणि भीतीने स्नायू आतून फुटतात आणि हरीण काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. त्यांना हलवायचं असेल तर बंदिस्त वाटेत चारा टाकून आठवडाभर त्याच वाटेने जायची सवय लावा.

नवा प्राणी आला की साधारण ३० दिवस वेगळा ठेवतात. त्याचा झाडू, बादली आणि गमबूटही वेगळे आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी. उलट क्रमाने फिरलात तर रोग तुम्हीच वाटत सुटाल.